धनुर्वाताच्या खोलीतला शब्द

आमच्या धनुर्वाताच्या खोलीत भरदुपारीही तिन्हीसांज असायची. खिडक्यांना हिरवे पडदे, फटींत कापूस कोंबलेला. जरा आवाज झाला की रोग्याला झटका यायचा, म्हणून आम्ही नर्सेस अनवाणी, पाण्यातून चालल्यासारख्या वावरायचो. सत्तावन्न साली मी अकोल्यात नवीन होते. अमरावतीच्या मास्तरांची फटकळ मुलगी. त्या खोलीत मात्र माझं तोंड बंद.

मोठ्या सिस्टर दुर्गाबाईंचा एक नियम होता. बाहेर जगात कुणी जायला निघालं की त्याला "या" म्हणतात. इथून बरा होऊन निघालेल्याला "जा" म्हणायचं. परत येऊच नये कुणी. वर्षभरात तो शब्द मला चारदाच म्हणायला मिळाला.

देवमन पातूरकडचा शेतकरी. पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसलेला. आठव्या दिवशी झटके थांबेनात. अंग वाकून लाकूड झालं, दातखीळ सुटेना, डोळे तेवढे जागे. डॉक्टर मान हलवून गेले. त्याचं कपाळ पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं, "जा आता, बाबा. जा." कुठेतरी लांब सरकी काढायच्या जिनाचा भोंगा वाजला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. पाहते तर देवमन गेला होता.

बऱ्या माणसाचा शब्द मी त्याला दिला, आणि मनात मात्र त्याचं मरण मागितलं होतं. दुर्गाबाईंना बोलावलं. त्या बाहेर बातमी द्यायला गेल्या, आणि या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवून, चपला घालून मी तिथून निघाले.

व्हरांड्यात त्याची बायको सुभद्रा बसली होती. दुर्गाबाईंनी तिला नुकतंच सांगितलं होतं. तिला ओलांडून जाणं मला जमेना.

"मीच त्यांना जा म्हटलं हो," मी रडत बोलून गेले.

तिने पदराने माझंच तोंड पुसलं.

"रडू नको, बाई. म्या बी सकाळी तेच म्हनलं त्याईच्या कानात. तवापासून इथं चोरावानी बसून राहिली मी." मग म्हणाली, "लय हट्टी मानूस. एकटीच्या म्हनन्यानं गेलेच नसते."

मी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढल्या.

"चला," म्हटलं, "दोघी मिळून पुसून घेऊ त्यांना. अंग सैल झालंय आता."