दात, एक नग

तिरक्याला शेवटी दात बसला, आणि तो इतका देखणा बसला की त्याच्या हातातलं ट्रम्पेट काढून घेऊन झांजा देण्यात आल्या. पण ही बातमी अजून कोणाच्या कानावर आलेली नाही असं धरून चालू. खुद्द तिरक्यानेही बरेच दिवस तसंच धरलं होतं.

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये तो बावीस वर्षं पहिला ट्रम्पेटवाला होता. त्याचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर रेलून उभा असायचा, बसमध्ये डोळा लागलेल्या उतारूसारखा. त्यावरून नाव पडलं तिरक्या. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. दलातून कोणी निवृत्त झालं की मैदानात बँड वाजायचा आणि सगळे थांबल्यावर तिरक्या एकटा एक लांब सूर धरायचा. निवृत्त होणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरायचा, अशी पद्धत पडून गेली होती. काही लोक चिवट निघत. एका हिशेबनिसाच्या वेळी त्याला मध्ये तीनदा श्वास चोरावा लागला होता. या एका सुरापलीकडे तिरक्याला जगात विशेष काही येत नव्हतं, आणि आजवर त्याचं काही अडलंही नव्हतं.

दात गेला तो कवायतीत. बँडमास्तरांचा घसा त्या दिवशी बसला होता. त्यांनी ‘थांब’ म्हटलेलं पुढच्या रांगेला ऐकू गेलं, मागच्या रांगेला नाही. तिरक्याचं ट्रम्पेट पुढच्या ढोलवाल्याच्या पाठीवर आदळलं आणि पाठीने ते होतं तसं परत केलं. दात गवतात पडला. तिरक्याने तो शोधून काड्यापेटीत ठेवला. दुखतंय का, असं सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं, पण त्याला नक्की काही सांगता येईना. भूल न देताच कोणीतरी भूल दिल्यासारखं वाटत होतं, आणि ती उतरायची वाट बघायची एवढंच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी भांडारपाल वही घेऊन आला. ट्रम्पेटला पोचा: दुरुस्ती मंजूर. दाताचं काय, असं तिरक्याने विचारलं तेव्हा त्याने वहीची पानं मागेपुढे करून पाहिली आणि दात साठ्यात दिसत नाही म्हणाला. नोकरीला लागताना तो जमा केला होता का, आणि केला असल्यास पावती आहे का, हेही त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला चेष्टा येत नसे.

दवाखान्यात सोबत ताई आली. थोरली बहीण. तिरक्याचं लग्न जमलं नाही ते त्या दातापायीच, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे दात पडल्याचं तिला मनापासून वाईट वाटू शकत नव्हतं, तरी ती प्रयत्न करत होती.

टेबलावर फुटबॉलएवढा प्लॅस्टिकचा जबडा होता. डॉक्टरीणबाईंनी तो उघडून तीन मार्ग सांगितले. काढता-घालता दात, आठ दिवसांच्या पगारात, पण फुंकताना तो ट्रम्पेटमधून श्रोत्यांत जाण्याची शक्यता. दुसरा ब्रिज, सव्वा महिन्याचा पगार. त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे. तिरक्याला हे बरं वाटलं नाही, शेजाऱ्यांनी काही केलेलं नव्हतं. तिसरा इम्प्लांट, तीन महिन्यांचा पगार. हाडात स्क्रू बसवायचा, चार महिने तो हाडाशी रुळू द्यायचा, मग त्यावर दात. तोवर वाद्याला तोंड लावायचं नाही. हाड कमी पडलं तर भर घालावी लागेल, तिचे पैसे वेगळे.

ताईने दोन घेतले तर काही कमी होतील का, असं विचारलं. बाईंनी दात एकच पडल्याची आठवण करून दिली. ताई म्हणाली, आज ना उद्या बाकीचेही तेच करणार आहेत.

तिसरा मार्ग ठरला. चार महिने तिरक्याने बँडमध्ये सुरावटीचे कागद वाटले आणि वाऱ्याने उडाले की गोळा केले. ओठ मिटून बोटांनी हवेत ट्रम्पेट वाजवायचा. हवा सुरात होती, असं मास्तर म्हणत.

मग दात बसवायचा दिवस आला. हिरडी थोडी सारखी करायची होती म्हणून इंजेक्शन दिलं. अर्धं तोंड कोणा परक्याचं झालं. तेवढ्यात बाईंनी पडद्यावर तिरक्याचा हसरा चेहरा दाखवला, त्यात नवा दात शिपायासारखा ताठ उभा होता.

“आकार असा देऊ ना?” बाईंनी विचारलं. “की आधी होता तसा?”

तिरक्याने हात वर केला. तो हात आधीच्या वाकड्या दाताच्या बाजूने होता. पण ताई खुर्चीशेजारीच होती.

“सरळच द्या हो. एवढे पैसे मोजून वाकडा कोण घेतो?”

तिरक्याने हात खाली घेतला. काही लागत नव्हतं, काही वाटत नव्हतं, आणि पडद्यावरचा माणूस खरोखर रुबाबदार होता. त्या माणसाची अडवणूक करणं त्याच्या जिवावर आलं.

आठवड्याने मास्तरांनी चाचणी घेतली. वीस मोजेपर्यंत सूर धरायचा, एवढंच. तिरक्याने ट्रम्पेट लावलं. बावीस वर्षं ओठ त्या तिरक्या दाताला टेकून उभा राहायचा, तिथल्या फटीशी त्याचं जमलेलं होतं. आता तिथे गुळगुळीत भिंत होती. ट्रम्पेटमधून नुसती हवा आली, चिमूटभर आवाजासकट. मास्तरांनी महिनाभर मुदत दिली. महिन्याने हवा वाढली होती.

“दिसतोस मात्र छान,” मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिरक्या दवाखान्यात परत गेला. दात वाकडा करून द्या म्हणाला. बाईंनी तक्ता काढला. तक्त्यात सरळ दातांचे बावीस आकार होते, वाकडा एकही नव्हता. तो खास हाताने घडवून घ्यावा लागेल, दीड महिन्याचा पगार जादा. तेवढे पैसे आता ताईकडेही नव्हते. शिवाय बाहेर भिंतीवर तिरक्याचे दोन फोटो लागले होते, आधीचा आणि नंतरचा. दात वाकडा झाला तर ते अदलाबदल करून टांगावे लागतील, अशी बाईंना काळजी होती.

मग झांजा. झांजांना दात लागत नाहीत. पहिल्याच निवृत्तीच्या कार्यक्रमात दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याने लांब सूर धरला. सूर अगदी बरोबर होता. निवृत्त होणारा शिडीवाला जरा वेळ उभा राहिला, कोणाची तरी वाट बघावी तसं त्याने बँडकडे बघितलं, मग घड्याळ बघून तो घरी गेला. डोळे कोरडे. तिरक्याने ते पाहिलं. आपल्याला काही वाटायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. त्याने झांजा पुसून पिशवीत ठेवल्या आणि भांडारपालाकडून एक कोरा कागद मागून घेतला. त्याची पावती दिली.

प्रति, मा. प्रमुख, अग्निशमन दल.
विषय: कर्तव्यावर पडलेल्या दातास पुन्हा सेवेत घेण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त दात बावीस वर्षे बँड विभागात अर्जदाराच्या तोंडी कार्यरत होता. त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्याच्या जागी नेमलेला दात दिसण्यास उत्तम असून कामास निरुपयोगी आहे. तरी नव्या दाताची बदली अन्यत्र करून, जुन्या दाताची वाद्यांच्या साठ्यात नोंद घेऊन, त्यास पडल्याच्या तारखेच्या आदल्या दिवसापासून, त्याच जागी व त्याच तिरक्या स्थितीत, पुन्हा रुजू करून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत: दात, एक नग, काड्यापेटीसह (मूळ प्रत).