पडदा साफ हवा होता

सकाळी वीज गेली, आली, आणि लॅबचा सर्व्हर आपोआप उठला. त्याच्याबरोबर सुरू व्हायचा फ्रीजचा अलार्म मात्र उठला नाही. फ्रीजही बंदच राहिला, ते कुणाला कळलं नाही, आणि दुपारपर्यंत आतले नमुने नासले. त्यात एका लहान मुलीच्या कमरेच्या हाडातून सुई घालून काढलेला नमुना होता. तेव्हा पोरीला चौघांनी धरून ठेवलं होतं.

सर्व्हर सांभाळणारीने सुरुवातीची स्क्रिप्ट, म्हणजे तो उठताना काय काय सुरू करायचं त्या सूचनांची फाइल, उघडली. ती तिनेच लिहिली होती. प्रत्येक पायरीचा संदेश कन्सोलच्या पडद्यावरही दिसायचा आणि सिस्टीम लॉगमध्ये, म्हणजे कायमच्या नोंदवहीतही जायचा. आता सगळ्यात वर एक परकी ओळ होती: सगळे संदेश फेकून द्या.

"साहेब, ही ओळ तुमची?" तिने लॅबच्या प्रमुखांना विचारलं.

"अगं, पाहुणे आले होते ना! पडद्यावर काय ती अक्षरांची घाण. म्हटलं साफ करू. मग काढायचं राहून गेलं."

"आणि लॉग? तो कुठल्या पाहुण्याला दिसत होता?"

"एकाच ओळीत दोन्ही गप्प झाले," साहेब म्हणाले, वर थोडे खूशही दिसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी दुसऱ्यांच्या चुका काढताना नाकाने कांदे सोलणारा हा माणूस! तिने ओळ खोडली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पडद्यावर लगेच आलं: अलार्म सुरू झाला नाही, फ्रीजचा थर्मामीटर सापडत नाही. तिने फ्रीजमागची थर्मामीटरची सैल वायर दाबून बसवली आणि अलार्म कोकलायला लागला. एवढंच काम होतं. सकाळी हे कुणी वाचलं असतं तर!

"झालं ते झालं," साहेब म्हणाले. "बाहेर त्या मुलीची आई बसलीये. वीज गेली म्हणून सांग. खोटं थोडंच आहे?"

"चला, दोघं सांगू," ती म्हणाली, आणि दार उघडून उभीच राहिली. साहेबांना बाहेर यावंच लागलं.

आईने सगळं ऐकलं. "एवढं मोठं मशीन, त्याला कळलं नाही का हो ताई?"

"कळलं होतं. सांगतही होतं. साहेबांनी त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. पाहुण्यांना पडदा साफ दिसावा म्हणून."

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. आई उठली आणि तिने त्यांचा दंड धरला.

"पोर वॉर्डात झोपलीये. उठवा तिला. परत सुई टोचायची आहे, हे तुम्हीच सांगा."