अर्धपोटी रांग

अंबडच्या त्या घराच्या ओसरीवर रॉकेलच्या डब्यांचे चोवीस पिंजरे होते. पुढून जाळी, आत एकेक पांढरा उंदीर, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. भिंतीकडची वरची रांग पोटभर खाणाऱ्यांची, उंबऱ्याकडची खालची अर्धपोटी. मार्तंड सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सोनाराकडून आणलेल्या तराजूवर रोज उंदरांची भाकर तोलायचा. कमी खाणारा जीव जास्त जगतो असं अमेरिकेत उंदरांवर दिसलं होतं. हैदराबादचे त्याचे प्रोफेसर म्हणाले होते, तू ते आपल्या ज्वारीवर दाखव, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जागा तुझी.

तारा त्याची थोरली बहीण. तेराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं आणि त्याच दिवशी संध्याकाळचं ताटही उचललं गेलं. सासरी सतरा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवली. मग मार्तंडला नोकरी लागली, तो तिला घेऊन आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं तिच्यापुढं आपल्या हातानं ताट वाढलं. "आक्का, इथं सासू न्हाई. दोन्ही वेळ जेवायचं." त्या संध्याकाळी भाकरीबरोबर किती पाणी पोटात गेलं आणि त्यातलं डोळ्यांतलं किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

तीन वर्षं ते ताट वाढलं गेलं. मग उंदीर आले.

"आक्का, तुझ्या त्या एकवेळच्या जेवणात शास्त्र होतं बघ," एके दिवशी तो हरखून म्हणाला. "तू परत तसंच कर. रूढी म्हणून न्हाई, माझ्यासाठी. तू लई जगली पाहिजेस."

सासूनं हुकूम केला होता, यानं लाड केला. ताट मात्र पुन्हा उचललं गेलं. पहाटे जात्यावर तिचा हात फिरायचा, तोंडातून आपसूक यायचं:

*जात्या, तुझ्या मुखी । मूठ मूठ घास*
*तुला रोजची दिवाळी रं । मला उपास*

दूध घालायला येणारी साळूबाई ओसरीवर टेकायची. दूध फक्त भिंतीकडच्या रांगेला मिळायचं. "मास्तर, ह्या खालच्यांनी काय पाप केलं वो? त्यांना बी एकादशी लावली का?"

"साळूबाई, मोजा जरा. वरच्या बारांतले दोनच उरले. खालचे नऊ जिते हायेत, तीन वर्षं झाली!"

"जिते हायेत, पर करतेत काय? नुसते बसून राह्यलेत." ती ताराकडं वळायची. "बाई, तुमच्यावानी."

तिघंही हसायची. तारा सगळ्यांत उशिरा थांबायची.

उन्हाळ्यात मार्तंडला दोन महिने हैदराबादला शिक्षकांच्या ट्रेनिंगला जावं लागलं. त्यानं ताराला अक्षरं आणि आकडे शिकवलेच होते. वही तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "तुझ्याशिवाय कोणावर भरवसा न्हाई. बराबर तोलून घाल, आणि दिसंल तेच लिही."

पंधरा दिवस तिनं बराबर तोललं. सोळाव्या दिवशी कोरं पान शोधता शोधता ती वहीच्या अगदी शेवटी गेली. तिथंही रकाने आखलेले होते, उंदरांसारखेच. ती बोट ठेवून वाचत गेली. नाव: ता. वय: छत्तीस. अन्न: एक वेळ. वजन: एक मण चार शेर. वागणूक: शांत.

तिला अडतीतला तो दिवस आठवला. ज्वारी तोलायचा मोठा काटा. मार्तंड म्हणाला होता, "आक्का, बस की पारड्यात, गंमत म्हणून." ती लहान पोरीसारखी बसली होती. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

शेवटचा रकाना कोरा होता. वर लिहिलं होतं: मृत्यूची तारीख.

तिनं वही मिटली. पिठाचा डबा उघडला. त्या संध्याकाळी तिनं तवा चढवला आणि खालच्या नऊ पिंजऱ्यांत न तोलता भाकर टाकली. उंदरांनी आधी वास घेतला, मग मागं सरले, मग तुटून पडले. दहावी भाकर तिनं ताटात घेतली. असं रोज चाललं. आणि रोज उंदीर तोलून तिनं दिसलं तेच लिहिलं: अकरा तोळे, बारा, चौदा, सोळा.

मार्तंड भर दुपारी परतला. पाय न धुताच त्यानं वही उघडली, एक उंदीर उचलून तराजूत ठेवला आणि काट्याकडं बघत खाली बसला.

"आक्का, काय केलंस हे? प्रोफेसरांना सांगून आल्तो मी, नऊ जिते हायेत म्हणून! तीन वर्षं पाण्यात गेली. अजून वर्षभर जगले असते गं!"

"कोण?" ती म्हणाली. "ते का मी?"

त्याला कळलं नाही. तिनं शेवटचं पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं कोऱ्या रकान्यावर तळवा ठेवला.

"ती नुसती नोंद होती," तो म्हणाला. "आई चाळिशीच्या आत गेली, आक्का. तू गेलीस तर मला कोण हाय? तू जगावीस म्हणून..."

त्याचा आवाज खरा होता. तेच जास्त लागलं.

"मंग मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "उंदराला सांगून कळत न्हाई. मला कळलं असतं."

त्यानं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. आपण माफी मागितली असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं नवी वही काढली, रकाने आखले आणि दोन महिने उतरवून काढायला बसला. जिथं सोळा तोळे होतं तिथं अकरा.

"दिसंल तेच लिही, म्हणला होतास."

"आक्का, कॉलेजातल्या नोकरीचा सवाल हाय. आता पुन्हा बराबर अर्ध्यावर आणतो त्यांना. वजन उतरंल महिन्याभरात."

दिवेलागणीला त्यानं तराजू घेतला आणि खालच्या रांगेत अर्धी भाकर टाकली. ती लगेच संपली. तीन वर्षं ती रांग मुकी होती. अर्ध्यापुढं काही असतं हे त्या उंदरांना ठाऊक नव्हतं. आता नऊच्या नऊ उंदरांनी जाळीला दात लावले आणि ते चिरका, बारीक आवाज काढत राहिले. तो आवाज ओसरीवरून चुलीपर्यंत येत होता. तारानं ताट घेतलं आणि मार्तंडच्या समोरच बसली. तो तिला नको म्हणाला नाही. त्यानं कानांवर हात ठेवले.

"हे बंद कधी होतील, आक्का?"

"होतेत चार दिसांनी," ती भाकर मोडत म्हणाली. "मी झाले होते."

तिनं घास घेतला. पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली ढकलला आणि दुसरा मोडला.