'आली का'चे त्रेचाळीस मालक

प्रेमराजनं 'आली का' हे सॉफ्टवेअर जगासाठी खुलं केलं, तेव्हा त्यातली एकच फाइल त्यानं मन लावून लिहिली होती. लेखकांची यादी. लग्नपत्रिका छापताना जेवढं भान ठेवतात, तेवढं सगळं त्यानं तिच्यात ओतलं. सगळ्यात वर कुलदैवत. मग थोरले मामा रुपचंद नाना, मग पहूरचे कौतिक आबा, मग माजी सरपंच, डेअरीचे चेअरमन, दोन मावश्या. तिसरी मावशी रुसली म्हणून तीही. कुलदैवत सोडून, स्वतःला धरून एकूण त्रेचाळीस नावं आणि खाली ठळक अक्षरात, 'सर्व हक्क वरील सर्वांचे.' यातल्या निम्म्यांची मजल मोबाइलवर सकाळचं फूल पाठवण्यापलीकडे गेली नव्हती. पण कुणी नाराज झालं नाही, आणि प्रेमराजच्या हिशोबी अवघड काम तेच होतं.

सॉफ्टवेअर मात्र खरंच कामाचं होतं. शेतीपंपाची लाईट कधी येईल आणि कधी जाईल हे वेळापत्रक छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा ज्याला आधी कळेल त्यानं मोबाइलवर 'आली' दाबायचं, गेली की 'गेली'. स्टार्टरवरच्या तीन दिव्यांपैकी दोनच लागले असतील, म्हणजे एक फेज आली नसेल, तर तसं दाबायचं. मग त्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांना लाल अक्षरात सूचना जाते, मोटर चालू करू नका, जळेल. परवानाही मोकळा होता. कुणीही फुकट घ्या, हवं तसं बदला, फक्त तुमचा बदल असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवा. हा परवाना कुणी निवडला असं विचारलं की प्रेमराज सांगायचा, "मीच." जळगावात बसस्टँडमागं त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याच्या दारावरच्या पाटीवर नावाआधी 'संशोधक' असं त्यानं स्वतःच रंगवून घेतलं होतं.

अशा माणसाला धुळ्याच्या एमआयडीसीतून फोन आला. पंपांचे स्टार्टर बनवणारी कंपनी. मॅनेजर योगेंद्रसाहेबांनी त्याला गार केबिनमध्ये बसवलं, काजूकतली पुढं केली.

"सर, तुमच्यासारखी माणसं खानदेशात जन्मतात आणि खानदेशालाच कळत नाहीत," योगेंद्रसाहेब म्हणाले.

प्रेमराजला हे फार दिवसांपासून माहीत होतं. दुसरं कुणी बोलायचं तेवढं राहिलं होतं.

"आम्हाला फक्त परवाना बदलून हवा. पुढच्या सगळ्या आवृत्त्या कंपनीच्या, बंद. आमचा स्टार्टर जो घेईल त्यालाच सूचना जातील."

"आणि बाकीचे शेतकरी?"

"तेही घेतील की स्टार्टर! आणि तुम्ही संस्थापक-सल्लागार. शेजारची केबिन तुमचीच." साहेबांनी बोटानं भिंत दाखवली. "फक्त तुमच्या फाइलीत त्रेचाळीस मालक दिसतात. सगळ्यांच्या सह्या आणा."

बाकीच्या शेतकऱ्यांचा विषय प्रेमराजनं पुन्हा काढला नाही. जाता जाता शेजारच्या केबिनमध्ये मात्र डोकावून आला. खुर्ची फिरणारी होती.

सह्यांची सुरुवात त्यानं मामांपासून केली. रुपचंद नाना धुळ्याजवळच्या खेड्यात ओट्यावर बसले होते. त्यांनी कागद उलटसुलट केला, चष्मा कपाळावर सारला.

"मन्हं नाव यादीमा शे?"

"आहे ना नाना, अगदी वर."

"दखाड."

प्रेमराजनं मोबाइल पुढं धरला आणि चूक केली. मध्ये कधीतरी कौतिक आबांना खूश करायला त्यानं दोघांची जागा बदलली होती.

"मन्हं नाव कौतिकना खाले काब्रं शे?"

"नाना, ते वयानं..."

"मी मामा शे का तो? पहिले वर कर, मंग सही."

प्रेमराजनं तिथंच उभं राहून नाव वर घेतलं. दुपारी पहूरला पोचेपर्यंत ती बातमी कौतिक आबांकडे आधीच गेलेली. आबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग आबांच्या नावाआधी 'प्रेरणास्थान' लावलं. ते पाहून चेअरमनला 'मार्गदर्शक' हवं झालं. मंजुळाबाई मावशी म्हणाली, "त्यात माझं काही आहे हे इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस? म्हणजे तू लपवत होतास." परवाना म्हणजे काय, तो बदलला तर कुणाच्या विहिरीवर काय होईल, हे त्रेचाळीस मालकांपैकी एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना नाव कुठं आहे तेवढंच बघायचं होतं. आठ दिवसांत बेचाळीस सह्या झाल्या आणि त्रेचाळिसावी प्रेमराजनं स्वतःची, लांब शेपूट काढून केली.

कागदांचा गठ्ठा घेऊन तो धुळ्याला गेला, तर केबिनमध्ये योगेंद्रसाहेबांबरोबर कंपनीच्या वकील किरणबाई बसल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही. लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"सर, लेखकांच्या यादीत कोण आहे त्यानं मालकी ठरत नाही. कोड कुणी लिहिला त्यानं ठरते. आणि कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते या प्रकल्पाच्या नोंदीत सगळं आहे. या एकेचाळीस जणांच्या नावावर एक ओळ नाही."

"ते प्रेरणा..."

"तुमच्या भाच्याची एक ओळ आहे. त्यानं एक मोकळी ओळ घातलीय. तुमच्या नऊशे. त्यातल्या तीनशे सणांच्या शुभेच्छांच्या."

योगेंद्रसाहेबांनी काजूकतलीचा डबा हळूच आपल्याकडे ओढला.

"आणि सहा हजार शंभर ओळी यास्मिन म्हणून कुणाच्या तरी आहेत. दहा जण 'आली' दाबतात आणि दोघं 'गेली', तर खरं कोण हे ठरवणारा भाग तिचा. लाल सूचनेचाही. यादीत ती कुठंय?"

"राहून गेलं," प्रेमराज म्हणाला.

चार वर्षं हेच म्हणत होता. राहून काही गेलं नव्हतं. ती त्याच्या क्लासला होती, सगळं त्याच्यासमोर लिहिलं होतं, आणि यादी करताना तिचं नाव त्यानं टाइपही केलं होतं. मग कुलदैवत, मामा, आबा, सरपंच यांच्या मध्ये ते त्याला बरं दिसेना. कुणी त्याला ते खोड असं म्हणालं नव्हतं. स्वतःच्या बोटानं खोडलं.

"तिची सही आणा," किरणबाई म्हणाल्या. "हे बाकीचे पेपर घरी न्या."

जळगावात यास्मिनच्या वडिलांचं, नजीरभाईंचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानात वार्निशचा वास आणि जळक्या तांब्याच्या तारांची गुंडाळी. मागच्या बाजूला टेबलावर यास्मिन लॅपटॉप घेऊन बसलेली. प्रेमराजला पाहून ती उठली, स्टूल पुसून दिलं. त्यानं सगळं सांगितलं. केबिनचं जरा लवकर सांगितलं.

"तुझं नाव आता सगळ्यात वर टाकतो," तो शेवटी म्हणाला. "रुपचंद मामांच्याही वर. रुसू दे त्यांना!"

"नाव टाकायला माझी सही लागत नाही, सर. चार वर्षं कुणी हात धरला होता?"

"अगं, राहून गेलं."

"बरं. आणि ज्यांच्याकडे कंपनीचा स्टार्टर नाही, त्यांना लाल सूचना जाणार का?"

"हळूहळू सगळेच घेतील."

"तोवर?"

प्रेमराजनं नजीरभाईंकडे मदतीसाठी पाहिलं. नजीरभाई एका मोटरचं झाकण खोलत होते. ते हसले.

"सर, इसने मेरा धंदा बिठा दिया, मालूम है? पहले हफ्ते में बीस मोटर जल के आती थी. अब आठ. मैं हर जगह बोलता हूँ, मेरी बेटी ने बिठाया."

"मग नजीरभाई, सूचना थांबल्या तर तुमचा फायदाच..."

हे बोलून झाल्यावर प्रेमराजला कळलं आपण काय बोललो. नजीरभाईंनी पाना खाली ठेवला. यास्मिनच बोलली.

"मी सही करणार नाही. परवाना मी हाच निवडला होता, मुद्दाम. तुमच्या केबिनसाठी सहा हजार ओळी लिहिल्या नव्हत्या."

"मग मी तुझा भाग काढून टाकीन. नव्यानं लिहीन!"

"लिहा," ती म्हणाली.

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच मोकळीक दिली होती, परवान्यात असते तशी. प्रेमराजनं तिथं बसूनच मनात तो भाग लिहायला घेतला. दहा जण 'आली', दोघं 'गेली'. दोघं खरं असतील तर? त्यांचा फोन मागं पडला असेल तर? तिसऱ्या प्रश्नाला तो चहा न पिताच उठला.

बसस्टँडवर येता येता त्यानं धुळ्याला फोन लावला.

"साहेब, मी खूप विचार केला. शेतकऱ्याची वस्तू मी विकणार नाही. तत्त्व आहे माझं."

"म्हणजे तिनं सही दिली नाही," योगेंद्रसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

पण तत्त्व एकदा तोंडातून निघालं ते प्रेमराजला फारच आवडलं. क्लासवर येऊन त्यानं प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, जिथं हजारो वापरणाऱ्यांना दिसेल तिथं, निवेदन टाकलं. 'मोठ्या कंपनीनं परवाना बदलण्यासाठी मोठं पद देऊ केलं. संस्थापक प्रेमराज यांनी ते बाणेदारपणे नाकारलं. 'आली का' तुमचं होतं, तुमचंच राहील.' तासाभरात दोनशे अंगठे. रुपचंद नानांनी तर फोन करून सांगितलं, सत्कार ठेवतो.

संध्याकाळी एक दुरुस्ती आली. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणालाही चूक दिसली तर तो दुरुस्ती सुचवू शकतो. ती सगळ्यांना दिसते, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यानं ती घ्यायची किंवा नाकारायची. पाठवणारी यास्मिन होती. तिनं निवेदनातलं 'संस्थापक प्रेमराज' आणि 'बाणेदारपणे' खोडून फक्त 'यास्मिन' केलं होतं, आणि क्रियापद तेच ठेवलं होतं. खाली एक वाक्य: 'माहिती चुकली आहे, तपासून घ्यावी.'

प्रेमराजनं 'नाकारा' दाबलं. पडद्यावर चौकोन उघडला. कारण लिहा. तेही सगळ्यांना दिसणार होतं.

त्यानं लिहिलं, 'मुख्य निर्णय माझाच होता.' पुसलं. किरणबाईंनी दाखवलेली नोंद कुणीही उघडून पाहू शकत होतं. त्यानं लिहिलं, 'ही भाषा आदरपूर्वक नाही.' तेही पुसलं. मग लिहिलं, 'राहून गेलं,' आणि त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत बसला.

शेवटी तेही पुसून त्यानं चौकोन बंद केला, दुरुस्ती स्वीकारली, आणि रुपचंद नानांना सत्कार नको म्हणून कळवायला फोन उचलला.