ठमीच्या आईला मारलेली हाक

पोषण केंद्राच्या आहारताईंनी ठमीच्या दंडाभोवती मापाची पट्टी गुंडाळली. पट्टी पुन्हा पिवळ्या रंगावरच थांबली. हिरव्यापर्यंत काही सरकेना. पोर दीड वर्षाची, पण अंगावर मूठभर मांस नाही.

"फोन सांगतो तेवढं सगळं देतो हो ताई," तिचा बाप म्हणाला. तो सुतार होता. "अंडं, बटाटा, वरून तेलाचा चमचा. फळी मोजून कापावी तसं मोजून."

"देता खरं, पण पोटात जातं का?"

"अर्धं माझ्या सदऱ्यावर जातं."

ताई हसल्या, पण उठल्या नाहीत. "आज माझ्यासमोर भरवा बघू."

पोषण केंद्राचा तो प्रोग्राम ठमीच्या आईनेच फोनमध्ये घालून घेतला होता. वय, वजन भरलं की काय भरवायचं, किती, केव्हा, ते तो बोलून सांगायचा. पुढे आई तापाने गेली. फोन मागे राहिला.

सुताराने अंडं-बटाटा कुस्करला, ठमीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात फोन बोलला, "ठमीच्या आई, भरवायची वेळ झाली."

ठमीने झटकन दाराकडे मान वळवली. घास ओठाशी आला तरी तोंड उघडेना. जरा वेळाने फोन म्हणाला, "ठमीच्या आई, घाई करू नका." पुन्हा मान दाराकडे. मग भोकाड.

"अहो दादा, हे बदलता येतं की! आईच्या जागी बाबा करायचं."

"माहितेय मला."

"मग?"

सुतार वाटीत चमचा फिरवत राहिला. "तिला हाक मारणारं या घरात दुसरं कोण उरलंय, ताई? मी मारली तर लोक म्हणतील, याचं डोकं फिरलं. फोनने मारली की वाटतं, मोरीत असेल. येईल हात पुसत."

"ठमीलाही तेच वाटतं," ताई हळूच म्हणाल्या. "आई येतेय म्हटल्यावर ती तुमच्या हातून कशाला खाईल?"

सुताराने लेकीच्या दंडाकडे पाहिलं. त्याच्या पटाशीची मूठ त्याहून जाड होती.

"द्या तो फोन इकडे," तो म्हणाला. त्याने 'आई' पुसून तिथे 'बाबा' घातलं.

"ठमीचे बाबा, भरवायची वेळ झाली."

ठमीने बापाकडे पाहिलं. घास घेतला, गालात धरला, आणि गिळला.

"गिळला बरं का!" ताई म्हणाल्या.

ठमीने पुन्हा आ केला, पण चमचा येईना. बाप दाराकडे बघत होता. तिने त्याचा सदरा ओढला.