आधी पाय बघणारा झगा

मी एक काळा झगा बोलतोय. बिनबाह्यांचा, खांद्यावरून थेट घोट्यांपर्यंत लोंबणारा. पोर्तुगालमधल्या आमच्या विद्यापीठात पोरं-पोरी सगळीच मला अंगावर घेतात. डॉक्टरची लेक कोण अन् मेंढपाळाची कोण, हे कळू नये म्हणून मी काळा. मला कुणी धूत नाही, धुतलं की आठवणी जातात म्हणे. जिवलग माणसं माझी कड दातांनी फाडतात; घरच्यांची खूण डावीकडे, मित्रांची उजवीकडे. आणि कुणाचा फार मोठा मान करायचा असला, की पोरं आम्हाला वाटेवर अंथरतात आणि तो माणूस आमच्यावरून चालत जातो.

त्यामुळे मी माणसं खालून ओळखतो. चेहऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तोंड साखर पेरतं, टाच खरं बोलते.

माझी मालकीण झुल्मिरा, डोंगरातल्या मेंढपाळाची पोर. मी तिच्याकडे जुनाच आलो. पहिले काही दिवस मला तिचाही संशय होता, ही साबण आणणार म्हणून. तिनं नाही आणला.

तिचे गुरू प्राध्यापक व्हिलार. गावोगावच्या बायका भट्टीत पाव घालताना जी गाणी म्हणतात, ती रेकॉर्डिंगच्या यंत्रात गोळा करायला त्यांनी तिला पाठवलं. सगळा हिवाळा आम्ही दोघं डोंगरात हिंडलो. मी तिचं पांघरूण झालो, उशीही झालो. एका दुपारी देओलिंदा आजीनं गाणं म्हटलं, "फुग रे पावा, माझा फुग, शेजारणीचाही फुग," आणि मग डोळे मिचकावून स्वतःचीच एक ओळ जोडली, "पण माझा आधी फुग!"

"आजी, हे पण जुनंच का?" झुल्मिरानं विचारलं.

"कसलं जुनं! आत्ता सुचलं. घाल तुझ्या त्या यंत्रात."

दोघी पोट धरून हसल्या. मला खात्रीनं आठवतं, कारण आजीनं पिठाचे हात मलाच पुसले.

परत आल्यावर व्हिलार म्हणाले, "रेकॉर्डिंग माझ्याकडे दे हो पोरी, नीट सांभाळतो. आणि सप्टेंबरपासून तू माझी सहायक, ठरलं." मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. टाचा आतून उंच केलेल्या! जो माणूस स्वतःच्या उंचीबद्दल खोटं बोलतो तो आणखी कशाकशाबद्दल बोलेल, असं माझ्या मनात आलं. पण झुल्मिरा आनंदानं तरंगत होती.

जूनमध्ये व्हिलारांच्या सत्काराचा समारंभ झाला. सभागृहात ते विद्यापीठाच्या मूल्यांवर बोलले. सत्य, समता, एकमेकांच्या श्रमांचा आदर. बायकांनी रुमाल काढले. मग त्यांनी आपलं नवं पुस्तक उंच धरलं. "भट्टीपाशी बसून मी स्वतः ऐकलेली ही शेकडो वर्षांची परंपरा," असं म्हणून त्यांनी वाचलं, "पण माझा आधी फुग!"

झुल्मिराचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळला. पुस्तकात तिचं नाव नव्हतं. देओलिंदा आजीचंही नव्हतं.

बाहेर अंगणात पोरांनी झगे अंथरायला सुरुवात केली. तिचा मित्र लिओनिल्दू कुजबुजला, "वेडेपणा करू नकोस हं. नोकरी त्यांच्या हातात आहे. अंथर अन् मोकळी हो." आणि त्यानं स्वतःचा झगा अंथरला.

खरं सांगतो, मला तिचा पुन्हा संशय आला. पोटापुढे माना वाकताना मी फार पाहिल्यात. ही आता मला खांद्यावरून काढणार, असं समजून मी ते बूट सोसायची तयारी केली.

व्हिलार हसत, हात हलवत आले. झुल्मिरापाशी पोचले आणि थबकले. झग्यांच्या रांगेत तिच्यापुढे नुसती दगडी फरशी होती.

"काय गं, झगा कुठाय तुझा?"

तिनं मला गळ्याशी ओढून घेतलं. डोक्यावर जूनचं रणरणतं ऊन होतं, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"थंडी वाजतेय, सर," ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. व्हिलारांनी त्या उघड्या दगडावर पाऊल टाकलं आणि उंच टाच खाडकन वाजली. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

नोकरी अर्थातच गेली. संध्याकाळी लिओनिल्दू मान खाली घालून आला. "तुझ्या झग्यावर माझी खूण करू देतेस? की मी आता मित्र नाही?"

झुल्मिरानं माझी उजवी कड पुढे केली.

"फाड. पण लहान फाड."

आज ती डोंगरातल्या शाळेत शिकवते आणि मी दारामागच्या खुंटीवर असतो. तिची भाची यंदा विद्यापीठात जाणार आहे, मला घेऊन. पोरगी गोड आहे, म्हणूनच मला संशय येतो. काल तिनं माझा वास घेऊन नाक मुरडलं.

पोरी, एवढंच मागणं आहे. मला धुऊ नकोस, माझ्यात देओलिंदा आजीचं पीठ आहे. आणि मला कुणापुढे अंथरायची वेळ आली, तर आधी त्याचे पाय बघ. पटले नाहीत, तर खुशाल थंडी वाजू दे.