चीजची कड

लेकीनं हॉलंडहून पाठवलेलं चीज बायजाक्कांनी मधोमध कापलं, तर आतल्या भोकातून लेकीचं तिकडचं स्वयंपाकघर दिसलं.

"वृषाली, दूध उतू चाललंय," त्या म्हणाल्या.

वृषालीनं गॅस बंद केला. "आई, फडकं दे गं."

बायजाक्कांनी भोकातून फडकं सरकवलं.

वृषालीचा आठवा महिना सरला होता. आता विमानवाले तिला घेईनात. पहिलं बाळंतपण माहेरचं. बायजाक्कांच्या घरातल्या एकाही लेकीचं पहिलं पोर परक्या छताखाली जन्मलं नव्हतं. भावकीत तोंड कसं दाखवायचं, हा घोर त्यांना महिनाभर लागलेला. आता वाट समोरच होती, फक्त अरुंद होती. त्यांनी भोकाच्या कडेचा घास तोडून खाल्ला. भोक बशीएवढं झालं.

"आश्लेषा," त्यांनी सुनेला हाक मारली, "आजपासून भाकऱ्या बंद. हेच खायचं. आतून खायचं, बाहेरची कड सोडायची."

घर खात सुटलं. जसं खावं तसं चीज बाहेरून पसरत गेलं. मिक्सर हलवला, मग मांडणी हलवली. तिसऱ्या दिवशी ते भिंतीला टेकवून उभं केलं आणि आश्लेषा कोपऱ्यात अंग चोरून फोडणी देऊ लागली.

डोकं मावलं त्या दिवशी बायजाक्का लेकीचा फ्रिज चाखून आल्या. शेळीच्या दुधाचं चीज त्यांना ओळखीचं वाटलं. निळ्या बुरशीचं बघून म्हणाल्या, "लोणच्याला एवढी बुरशी आली असती, तर सासूनं मला हाकलून दिलं असतं." आणि दोनदा घेतलं.

कमरेपर्यंत मावल्या तेव्हा कमरेपर्यंत बाजार करून आल्या. पाय इथंच ओट्यापाशी होते. तिथल्या चीज विकणारीनं एक काप हातावर ठेवला. चावला तर आत जिरं!

"या देशात एक तरी बाई शहाणी निघाली," बायजाक्का म्हणाल्या. बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. दोघी हसल्या आणि आणखी एकेक काप खाल्ला.

पाचव्या दिवशी सकाळी वृषालीला कळा सुरू झाल्या.

"आक्का, मी गाडी काढलीय," जावई तिकडून म्हणाले. "दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

"गाडी ठेवा झाकून. ढकला तिला."

डोकं आलं, खांदे आले, पोट अडकलं. चीज तोवर बांगडीसारखं बारीक झालेलं, नुसती लाल मेणाची साल.

"आई, इथं खरवसाचा वास येतोय," अर्धी वृषाली म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलाय."

वृषाली हसली.

"हसू नको, फुगतेस!"

बायजाक्कांनी कडेला हात घातला. "आत्याबाई," आश्लेषानं सासूला विचारलं, "कडच खाल्ली तर इकडचं-तिकडचं कळायचं कसं?"

"तुला कळून काय करायचंय? हात धर तिचा." बायजाक्कांनी वाकून ती शेवटची कड मेणासकट चावली.

कचकन आवाज झाला. जावई त्यांच्या शेजारीच उभे होते, हातात गाडीची किल्ली. समोर दोन ओटे होते. वृषाली मधे पाय सोडून बसली होती, आणि तिचं पोट सपाट होतं.

"आक्का, बाळ कुठं आहे?" जावयांनी विचारलं.

बायजाक्कांना बोलता येईना, तोंड भरलेलं होतं. त्यांनी लाल मेण तळहातावर काढलं. त्यावर त्यांच्या दाताचं गोल भोक पडलं होतं, आणि त्यातून एक इवलीशी मूठ बाहेर येत होती.